काचेआडचं धुकं

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबा फोनवर म्हणाले, "रात्री गाडी चालवताना समोर धुकं दिसतं गं." बाबा बेळगावात एकटे राहतात, वय ७४. मी धारवाडला असते, कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. कन्नडमध्ये 'मंजु' म्हणजे धुकं, दव आणि बर्फसुद्धा. डोळ्यांना अंधुक दिसू लागलं तरी 'कण्णु मंजागिदे' म्हणतात. बाबांचं मराठी वाक्य मी कन्नड कानांनी ऐकलं आणि मनात अर्थ लावला : मोतीबिंदू.

"बाबा, आता रात्रीची गाडी बंद," मी सांगून टाकलं. त्यांनी वाद घातला नाही. दर गुरुवारी शहापुरात त्यांच्या मित्राकडे भजन असतं, परतायला दहा वाजतात. ते जाणं थांबलं.

ऑगस्टमध्ये आजारी आत्याला भेटून मी बाबांच्याच गाडीनं रात्री परतत होते. पाऊस थांबला होता, हवा स्वच्छ होती, तरी रस्ता धुरकट दिसत होता. गाडी कडेला घेऊन उतरले. दोन्ही हेडलाइटच्या काचांना आतून घाम फुटला होता. उजेड पुढे पडायच्या ऐवजी त्या थेंबांतच विखुरत होता.

हे दिवे मीच बसवून घेतले होते. जुन्यांच्या प्लास्टिकच्या काचा उन्हानं पिवळ्या पडल्या, म्हणून एप्रिलमध्ये ऑनलाइन एक स्वस्त जोडी मागवली होती.

दुसऱ्याच दिवशी सिलिकॉनची ट्यूब आणून काचेभोवतीची फट भरली. मागच्या बाजूला दोन बारीक भोकं दिसली, तीही बुजवली. चार दिवसांत दिव्याच्या तळाशी पाणी साचलं.

गॅरेजमधले मिस्त्री हसले. "ताई, भोकं कशाला बुजवलासा? दिवा तापला की आतली हवा फुगते, थंड झाला की बाहेरची ओढून घेते. नाक दाबलं तर तोंडानं श्वास घेणारच की. जिथं सांधा कच्चा, तिथनं पाणी आत."

त्यांनी दिवे उतरवले, गरम हवेनं सांधा मऊ केला, काच अलगद सोडवली. खाचेतला जुना चिकट थर खरवडला, आतला ओलावा पूर्ण वाळवला. मग ब्यूटाइल रबराची दोरीसारखी पट्टी खाचेत सलग बसवली, परत गरम करून काच दाबली आणि निवेपर्यंत चिमट्यांनी आवळून ठेवली. माझं सिलिकॉन त्यांनी काढून टाकलं. त्याला व्हिनेगरसारखा वास होता. तसल्या सिलिकॉनची वाफ आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरला खाते म्हणे. भोकं मोकळी केली. एकाला खाली वळलेली रबरी नळी लावली, दुसऱ्यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा चिकटवला. शेवटी दिवे लावून वरून पाइपनं पाणी मारलं. काच आतून कोरडी राहिली.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी धुकंच म्हटलं होतं."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण अगदी सुरुवातीचा. गाडी चालवायला अजून हरकत नाही म्हणाले. म्हणजे मी लावलेला अर्थ अगदीच निराधार नव्हता, पण तो बाबांच्या वाक्याचा नव्हता. परक्या लेखकाच्या एका शब्दासाठी मी चार कोश उघडते, ओळखीच्यांना फोन करते. बाबांना मात्र "कुठे दिसतं धुकं?" एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. मी शेजारी बसले. भजनाहून निघताना भुरभुर पाऊस होता, एका काचेच्या कोपऱ्यात किंचित वाफ धरली होती. तेवढी चालते, दिवा तापला की जाते, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. घरी पोचून पाहिलं, तर गेली होती.