बाटलीतली चाळीस वर्षं

वडोदऱ्याला दांडिया बाजारात आजीच्या घरी तिच्या थोरल्या भावाचा फोटो आहे. दादा १९४३ साली क्षयानं गेला, बावीस वर्षांचा. "तेव्हा औषधच नव्हतं गं," आजी नेहमी म्हणते.

यंदा प्रोजेक्टसाठी आयसोनियाझिड हाती आलं. सॅलिसिलाल्डिहाइडबरोबर तापवलं की पिवळसर हायड्राझोन मिळतो. अशी काही संयुगं क्षयजंतूंवर तपासतात. काही धातूचे आयन भेटताच चमकतात, म्हणून जैवसंवेदकांसाठीही त्यांचा विचार होतो. वाचताना कळलं, की आयसोनियाझिड १९१२ सालीच प्रागमध्ये मायर आणि माली यांनी बनवलं होतं. ते क्षयावर चालतं हे जगाला समजलं १९५२ मध्ये.

म्हणजे दादाच्या जन्माआधीच औषध तयार होतं. फक्त ते क्षयावर कुणी लावून पाहिलं नव्हतं.

दिवाळीत आजीला सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलंच. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझी ती पिवळी पूड तरी फडताळात ठेवू नकोस."

बहुतेक काहीच निघणार नाही तिच्यातून. तरी बाटलीवर नाव-तारीख लिहून सरांना म्हटलं, "तपासायला पाठवूया."