शेगडीवरची सीगडी

बंगळूरला नवीनच राहायला आलेल्या मराठी माणसाने बाजारात ‘शेगडी कुठे मिळेल?’ असे विचारावे आणि समोरच्याने मासळीच्या गल्लीकडे बोट दाखवावे, ही गंमत सहज घडू शकते. कानडीत ‘सीगडी’ म्हणजे चक्क कोळंबी! मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना तर हा योगायोग फारच आवडावा. आईच्या हातची, निखाऱ्यावर भाजलेली सुंगटे आठवली की परगावच्या फ्लॅटमध्येही त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. मग एखाद्या रविवारी बेत ठरतो, आज गॅस नाही, शेगडी!

बेत उत्तमच आहे. पण इथे समुद्र साडेतीनशे किलोमीटर दूर आणि घर चौथ्या मजल्यावर. गावच्या परसात जे आपसूक व्हायचे, ते इथे समजून-उमजून करावे लागते.

पहिली गोष्ट कोळंबीची. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. मंगळूरची मासळी इथे येते ती बर्फात बसून, घाट चढून. तेव्हा शिवाजीनगरचे १९२७ साली बांधलेले रसेल मार्केट असो की कोपऱ्यावरचे दुकान, डोके घट्ट चिकटलेले आणि कवच चकचकीत असलेली कोळंबीच घ्यावी. नाकात झोंबणारा उग्र दर्प आला, तर स्वस्त मिळाली तरी नको. १ जून ते ३१ जुलै या काळात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तळ्यात वाढवलेली कोळंबी घ्यावी, भाजायला तीही चांगली.

भाजण्यासाठी कवच काढू नये, त्यामुळे आतला रस टिकतो. पाठीवर कात्रीने चीर देऊन काळा दोरा तेवढा काढावा. हळद, मीठ, तिखट, आले-लसणाचे वाटण आणि थोडे कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवली की पुरे. आंबटात फार वेळ राहिली, तर मांस घट्ट होते.

कोळसा लोणारीच हवा, दगडी नको. ज्वाळा दिसताच जाळी ठेवण्याची घाई सगळ्यांनाच होते. पण निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे. मग एकेका बाजूने दोन-तीन मिनिटे पुरतात. करडी कोळंबी बघता बघता केशरी होते. हा रंग बाहेरून येत नाही. तो कवचातच प्रथिनांशी बांधलेला असतो, आच लागली की मोकळा होतो. कोळंबी चंद्रकोरीसारखी वळली की उतरवावी. कड्यासारखी गोल झाली, तर ती चिवट लागणार.

आता सर्वांत महत्त्वाचे. डिसेंबरातली बंगळूरची थंडी, नाहीतर अवचित आलेली पावसाची सर. जेवण झालेले असते, निखारे अजून लाल असतात. सासूबाई म्हणतात, “शेगडी आत घे गं, धूर कुठे आहे आता? खोलीला ऊब येईल. आम्ही नाही का घ्यायचो?” त्यांचेही खोटे नाही. पण त्यांचे घर कौलारू होते, फटीफटीतून वारा खेळायचा. फ्लॅटची खोली म्हणजे बंद डबा. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. शेगडी खोलीत ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबे अशी गेली आहेत. खिडकी किलकिली ठेवून हा धोका टळत नाही. अशा वेळी कोणाला चक्कर आली, तर सगळ्यांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि त्या माणसाला दवाखान्यात न्यावे.

म्हणून सुनेने अशा वेळी संकोच करू नये. “आई, ऊब हवी तर शाल देते, पण शेगडी बाहेरच राहू द्या,” असे प्रेमाने, पण ठाम सांगावे. काचा लावलेली बाल्कनीही बाहेर नव्हे! सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर जावे, जवळ पाण्याची बादली ठेवावी आणि शेजाऱ्यांना आधी सांगावे. खाणारे असतील, तर त्यांच्यासाठीही चार कोळंब्या जास्त घ्याव्यात. शेवटी निखारे पाण्याने पुरते विझवावेत. राखही पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, रात्रभर बाहेरच राहू द्यावी.

गावचे परस चौथ्या मजल्यावर आणता येत नाही, हे खरे. पण त्या परसाची खरी श्रीमंती शेगडीत नव्हती, शेगडीवरच्या मोकळ्या आभाळात होती. तेवढे आभाळ बंगळूरच्या गच्चीवरही मिळते.