चाकांवरच्या घरातील सागवान

नगरहून मनमाडच्या वाटेवर प्रवरेचा पूल ओलांडला की कोल्हार लागते. भगवतीमातेचे देवस्थान आणि शिर्डीच्या वाटेवरचे गाव एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. याच गावातून घोटीकडे जाणारा रस्ता फुटतो आणि लोणी, संगमनेर, अकोले, राजूर मागे टाकीत, नदीच्या प्रवाहाविरुद्ध, भंडारदऱ्याच्या डोंगरांत शिरतो. कॅम्पर व्हॅनने हिंडणाऱ्यांना यासारखी वाट क्वचितच मिळेल. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या कुटुंबांना या वाहनाची ओढ वाटते ती अर्थात धोरणामुळे नव्हे. उकळलेले पाणी, कांदा-लसणाविना स्वयंपाक आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन हे सारे आपल्याच चुलीवर साधते, म्हणून.

व्हॅन सजवताना बहुधा लाकडासारखा दिसणारा सनमायका गळी उतरवला जातो. तो स्वस्त आहे आणि पुसायला सोपा आहे, हे खरेच. पण त्याचा कोपरा उडाला की तो उडालाच; सागवानावर ओरखडा पडला तर पॉलिश पेपर आणि तेलाचा हात पुरतो. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचे सागवान विक्रीला येते. कित्येक दशके वाळलेले ते लाकूड नव्याहून कमी वाकते. खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात.

वजनाचा हिशेब आधीच करावा. एक घनफूट सागवान सुमारे 18 किलो भरते. शंभर चौरस फूट पृष्ठभागावर अर्धा इंच जाडीच्या फळ्या लावल्या तर 75 किलो वाढतात. पाव इंचाच्या लावल्या तर त्याच्या निम्मे. म्हणून जाड लाकूड ओटा आणि दारांच्या चौकटींपुरते ठेवावे.

खरी परीक्षा हवेची असते. एप्रिलमधले कोल्हार कोरडे, तापलेले. त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला आषाढातले भंडारदरा सतत चिंब. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. फळी चारी बाजूंनी डिंकाने जखडली की ती तडकते. जुन्या सुताराने दाराचे पॅनेल खाचेत मोकळे बसवले ते याचसाठी. वाड्याचा खांबही त्याने मातीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा केला, कारण ओल खालून चढते. व्हॅनमध्ये ओल पत्र्यातून येते. रात्री माणसांचा श्वास आणि चुलीची वाफ थंड पत्र्यावर थेंब होऊन साचते. पत्रा आणि फळी यांत बोटभर पोकळी हवी. झोपतानाही एखादी खिडकी किलकिली असावी. शेगडीमागे लाकूड नको, तेथे स्टीलचा पत्राच बरा.

चातुर्मासात आपल्यातील अनेक कुटुंबे प्रवास टाळतात आणि व्हॅन चार महिने बंद उभी राहते. लाकडाला प्रवासापेक्षा हा मुक्कामच अधिक बाधतो. बंद, दमट जागेत बुरशी धरते, कच्च्या मातीवरून वाळवी चढू शकते. मग फवारणीखेरीज उपाय उरत नाही, आणि ज्या घरात मुंगीही जपून ओलांडली जाते तेथे ती फवारणी कोणाला रुचेल? जयणा येथे आधीच पाळावी लागते. व्हॅन फरशीवर उभी करावी, गाद्या काढून घ्याव्यात, कपाटांची दारे उघडी ठेवावीत आणि उघडीप मिळाली की सारी दारे-खिडक्या मोकळ्या कराव्यात. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. फिकट रंगाच्या बाहेरच्या भागाला, म्हणजे रसकाष्ठाला, हे संरक्षण नसते. खरेदी करताना ती फिकट कड ओळखून बाजूला काढावी.

पर्युषणानंतर, हवा कोरडी झाली की, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून घ्यावे. ते पुसलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर, दोरीवर पसरून ते पूर्ण वाळू द्यावे.