काकीची ट्रंक

आमच्या साताऱ्याकडच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की एक खुर्ची पुढं यायची. तिच्यावर काकी बसायची; पदर कपाळापर्यंत, नजर स्वतःच्या अंगठ्यावर. काका १९७१च्या लढाईत गेले तेव्हा ती जेमतेम विशीतली. सरपंच शाल-श्रीफळ द्यायचे, आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. घरी येताना नारळ मी उचलायचे, कारण खोबरं मला मिळायचं. शाल थेट ट्रंकेत. काळी, पत्र्याची, पांढऱ्या रंगात काकांचं नाव नि नंबर घातलेली ती ट्रंक पलटणीतून एकटीच परत आली होती.

आमच्या मुलखाला अशा ट्रंका नव्या नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. गावाच्या नावालाच पुढं ‘मिलिटरी’ चिकटलं. तो आकडा ऐकला की मी मनात ट्रंका मोजू लागते.

संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आई मला आळीभर पाठवायची. ‘काकीकडं तेवढं जाऊ नको.’ का, ते सांगायची नाही. ऑगस्टात खुर्चीवर बसवलेली बाई जानेवारीत उंबऱ्याबाहेर कशी, हे मला कळायचं नाही.

लग्न होऊन मी सांगलीला आले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा काकी एक शाल घेऊन आली. घडीच्या टाचण्याही निघाल्या नव्हत्या. घरातली एक म्हातारी कुजबुजली, पण आईनं ती शाल घेतली आणि माझ्या लेकीला तीत गुंडाळलं. आईनं बोलून काही कबूल केलं नाही. केलं ते एवढंच.

२०१५च्या नोव्हेंबरात आमच्याच मुलखातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती चेन्नईला खडतर प्रशिक्षण घेऊन सप्टेंबर २०१७मध्ये लेफ्टनंट झाल्या. मी काकीला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे आता ट्रंकेवर तिचं नाव असंल.’

२०२२च्या मे महिन्यात इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरातली ती बातमी मी दोनदा वाचली. वीरपत्नी म्हणून आपण जिचा वर्षातून एकदा सत्कार करतो, तिला उरलेले दिवस साधं घरात बोलावण्यासाठी ठराव लागावा?

पुढच्या संक्रांतीला काकी डोळ्याच्या ऑपरेशनासाठी मिरजेला आली, ती आमच्याकडंच उतरली. हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. मी पहिला करंडा तिच्यापुढं धरला. शेजारणी गप्प झाल्या. काकीनं करंड्याकडं पाहिलं, मग माझ्या मागच्या ताटाकडं.

‘कुकू लाव मागनं,’ ती म्हणाली, ‘आधी तिळगूळ दे. शाली लई झाल्या.’