सहा अक्षरे आणि तेरा अंक

मराठीत 'तिकीट' हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. पाकिटावर चिकटवायचे ते तिकीट, एस.टी.च्या वाहकाने दिलेले ते तिकीट आणि निवडणुकीत पक्षाने ऐनवेळी दुसऱ्यालाच दिले तेही तिकीटच. विमानाचे तिकीट मात्र आता कोणाच्याच हाती पडत नाही. तांबड्या कार्बनचे, चेकबुकासारखे दिसणारे कागदी तिकीट 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १ जून २००८ पासून आपल्या व्यवस्थेतून बाद केले. तेव्हापासून आपण जो कागद छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पासपोर्टासोबत जिवापाड जपतो, ती तिकिटाची पावती आहे. मूळ संहिता कंपनीच्या संगणकात असते. आपल्याकडे असते ती तिची नक्कल, तीही संक्षिप्त. साहित्याच्या विद्यार्थ्यांस हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये.

या कागदावर दोन खुणा असतात आणि बहुतेक प्रवासी त्यांतल्या पहिलीलाच सर्वस्व मानतात. ही पहिली खूण म्हणजे पीएनआर, सहा अक्षरांची, क्वचित अंकही मिसळलेली. रेल्वेच्या दहा आकडी पीएनआरची आपल्याला सवय असल्याने नाव ओळखीचे वाटते, आणि तिथेच घोटाळा होतो. रेल्वेत पीएनआर म्हणजेच जवळजवळ तिकीट. विमानात ते केवळ एका नोंदीचे नाव असते: अमुक बाई अमुक दिवशी अमुक विमानांनी जाऊ इच्छितात. इच्छेची नोंद झाली म्हणून करार झाला असे होत नाही. पैसे भरून तिकीट निघाले नाही, तर ठरलेल्या मुदतीनंतर ती नोंद आपोआप विरून जाते आणि तीच सहा अक्षरे पुढेमागे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ शकतात. शिवाय एकाच प्रवासाला अशी दोन-तीन नावे असू शकतात. दलालाच्या यंत्रणेत एक, पहिल्या कंपनीकडे दुसरे, पुढे नेणाऱ्या कंपनीकडे तिसरे. माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी खूण तेरा अंकांची. हा तिकिटाचा क्रमांक. त्याचे पहिले तीन अंक तिकीट कोणी दिले ते सांगतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०. या क्रमांकाखाली प्रत्येक उड्डाणाचे एक 'कूपन' असते. कागद गेला, पण कागदाच्या काळातला हा शब्द राहिला. एका तिकिटात चार कूपने मावतात. पाचवे उड्डाण असेल तर पुढच्या क्रमांकाचे दुसरे तिकीट निघते आणि ते पहिल्याला जोडलेले असते. म्हणजे क्रमांक दोन, करार एक. उलट स्वस्त पडते म्हणून दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे एकाच नोंदीत गुंफून देणारे विक्रेतेही असतात. तिथे नाव एक, करार दोन. पहिले विमान रखडले आणि पुढचे निघून गेले की हा भेद एकदम लख्ख दिसू लागतो. जोडलेल्या तिकिटावर पुढची सोय लावणे कंपनीचे काम असते. स्वतंत्र तिकिटांवर पुढची कंपनी शांतपणे सांगते की आपण वेळेवर आला नाहीत.

प्रवास एक की अनेक, हा प्रश्न कायद्यालाही सुटलेला नव्हता असे नाही. १९२९ च्या वॉर्सा कराराने तो हाताळला आणि १९९९ च्या माँट्रियल कराराने ते कलम कायम ठेवले. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. आशय असा की, एकामागून एक अनेक विमान कंपन्यांनी केलेली वाहतूक दोन्ही पक्षांनी एकच मानली असेल, तर करार एक असो वा अनेक, ती अखंड समजावी. एकसंधतेचा निकाल 'मानण्यावर' सोपवणारे हे वाक्य आम्हांस समीक्षेच्या तासाला वाचून दाखवण्याजोगे वाटते. विमानतळावरच्या खिडकीशी मात्र कोणी काय मानले होते हे विचारत नाहीत. तेरा अंक विचारतात.

आमच्या एका आत्याला, वय वर्षे एकाहत्तर, तिच्या लेकीने टोरांटोला बोलावले. नागपूर ते मुंबई, मुंबईहून युरोप, तिथून टोरांटो. जाताना तीन आणि येताना तीन, अशी सहा कूपने. पहिल्या तिकिटात जाण्याची तिन्ही आणि येण्याचे एक, उरलेली दोन दुसऱ्यात. सहा अक्षरे तिने 'टी टोमॅटोचा, डी दिल्लीचा' करीत पाठ केली. मग तिने साधा विचार मांडला. डोंबिवलीला थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. आठवडाभर आधी विदर्भ एक्सप्रेसने जावे, तिच्याजवळ राहावे आणि तिथूनच मुंबईच्या विमानतळावर जाऊन बसावे. "अरे, नागपूरचे पैसे त्यांनाच राहू देत. मी कुठे परत मागते आहे?"

या युक्तिवादात आम्हांस आजही खोट काढता येत नाही. रेल्वेत चढण्याचे स्थानक रीतसर बदलून मिळते. विमानाच्या नियमानुसार मात्र पहिले कूपन न वापरता सोडले की प्रवासी आलाच नाही अशी नोंद होते आणि पुढची सगळी आरक्षणे, परतीचीसुद्धा, रद्द होतात. कंपन्यांचे म्हणणे असे की भाडे तुकड्यांची बेरीज करून ठरत नाही. लांबच्या प्रवासाचे तिकीट कधी त्याच्याच एका भागापेक्षा स्वस्त असते आणि पहिला तुकडा टाकण्याची मुभा दिली तर सगळेच ते करतील. भीती निराधार नाही. तरीही कादंबरीचे पहिले प्रकरण गाळणाऱ्याच्या हातून कोणी उरलेले पुस्तक काढून घेत नाही, आणि इथे तर वाचकाने किंमत पुरी मोजली होती.

तिकीट नव्याने लिहून घेता आले असते, पण त्या दिवसाच्या दराने. लेकीची तयारी होती, आत्याची नव्हती. तिने जे केले ते कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. ती रेल्वेने डोंबिवलीला गेली, पाच दिवस बहिणीची वेणीफणी केली, तिला भरवले आणि निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा गाडीत बसून नागपूरला परत आली. जवळजवळ आठशे किलोमीटर उलटे, केवळ विमानाने पुन्हा मुंबईला जाण्यासाठी. पहिल्या कूपनापुढे 'वापरले' अशी नोंद व्हावी म्हणून. सकाळी स्टेशनवर उतरवून घ्यायला आम्ही गेलो होतो. बहीण निघताना काही बोलली का, असे विचारले तर म्हणाली, "म्हणाली, एवढ्यात चाललीस? विमान तर इथूनच सुटते ना?"

आता सहांपैकी तीन कूपने वापरलेली आहेत आणि तीन खुली. परवा टोरांटोहून फोनवर तिने विचारले, येताना मुंबईला उतरून गेले तर? आम्ही पावती काढून पाहिली. शेवटचे कूपन मुंबई-नागपूर. कंपन्यांना हेही रुचत नाही आणि सामान मुंबईतच हाती मिळेल याची खात्री आधी करून घ्यावी लागेल. पण त्यानंतर रद्द करण्याजोगे दुसरे काही उरत नाही. इतके सांगेपर्यंत तिने डोंबिवलीला तारीख कळवूनही टाकली होती.