खोली क्रमांक दोन

घोडबंदर रस्त्याने रात्री जाणाऱ्या प्रवाशाला, आमच्या भागात अंधार आहे असे सांगितले तर तो हसेल. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत उंच मनोरे लखलखत असतात. दिवाळीत तर त्यांच्या गच्च्यांवरून सोडलेल्या माळा पाहून साध्या आकाशकंदिलाने लाजावे! पण रस्ता सोडून येऊरच्या डोंगराकडे दहा मिनिटे चालावे. मनोऱ्यांचा उजेड पाठीशी राहतो आणि पायांपुढे आपलीच सावली लांब होत जाते. ती जिथे अंधारात मिसळते, तिथे माझ्या काही विद्यार्थ्यांचा पाडा आहे. पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. बिबट्या ही तिथे पुस्तकातली गोष्ट नव्हे.

त्या वाटेवर एक दिवा हवा, एवढीच आमची मागणी. गेल्या वर्षी मी अर्ज लिहिला, पाड्यातल्या माणसांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले, आणि तो घेऊन मी एका लोकप्रतिनिधींच्या कचेरीत गेलो. अशा कामांसाठी तजवीज आहेच. खासदारनिधी १९९३ साली सुरू झाला; पहिल्या वर्षी दर खासदारामागे पाच लाख रुपये होते, २०११ पासून वर्षाला पाच कोटी झाले. महाराष्ट्रातल्या आमदारांनाही २०२२ पासून पाच कोटी मिळू लागले. काम लोकप्रतिनिधीने सुचवायचे, मंजुरी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी द्यायची. खासदारांची योजना घटनेला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला.

मी या निधीचा निंदक नाही. आमच्या शाळेतली बाके त्यातूनच आली. त्यांच्या पाठीवर नाव ठळक अक्षरांत आहे, आणि ती आली त्या दिवशीचे स्वागतगीत मीच बसवले होते. पैसा आपल्याच करांचा आहे, हे मुलांना सांगायचे तेवढे राहून गेले.

कचेरीतला कार्यकर्ता मोठा अगत्यशील. त्याने चहा मागवला, अर्ज वाचला, आणि मोबाइलवर एक तक्ता उघडून माझ्यापुढे धरला.

"गुरुजी, ही तुमच्याच शाळेतली खोली नंबर दोन. आम्हाला किती पडली बघा. आता तुम्हीच सांगा, दिवा कुठे लावू?"

खोली क्रमांक दोन म्हणजे माझा वर्ग! पाड्याचे मतदान तिथे होते. मला त्या दिवशी ड्यूटी दुसरीकडे असते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे कुणाची नजर जाऊ नये, म्हणून मी तिथे डोळ्यांत तेल घालून बसतो. एका माणसाचे मत गुपित राहते खरे; पण मतांचे आकडे केंद्रवार बाहेर येतात, आणि जिथे केंद्र म्हणजेच पाडा, तिथे पाड्याचे मत उघडे पडते. कागदी मतपत्रिका होत्या, तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रे आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची एकदम बेरीज करणारा 'टोटलायझर' वापरावा, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. विधी आयोगाने २०१५ साली दुजोरा दिला. सरकारला ते पटले नाही.

दोन महिन्यांनी हायमास्ट दिवा लागला. नाक्यावर, जिथे आधीच चार दिवे होते!

ही खोड केवळ आपलीच नव्हे. ऑस्ट्रेलियात १९९४ साली एका मंत्रीणबाईंना पद सोडावे लागले. क्रीडासोयींची अनुदाने कशी ठरवली, याचे उत्तर होते की, मोठ्या पांढऱ्या फळ्यावर मांडली आणि मग फळा पुसला! २०२० साली तिथेच क्रीडा-अनुदानांवरून पुन्हा गहजब झाला. या वेळी मतदारसंघांना रंग दिलेला तक्ता निघाला. फळा पुसणे हा माझा रोजचाच धंदा. पुसल्याने उत्तर बदलत नाही. ते कसे आले, एवढेच कळेनासे होते. आपल्याकडे २०२३ साली मुंबईतल्या एका विरोधी आमदारांनी निधिवाटपातल्या पक्षपाताची तक्रार उच्च न्यायालयात नेली. पुढच्या वर्षी ते स्वतःच सत्ताधारी पक्षात गेले. मी त्यांना हसणार नाही. बाकांसाठी मीही गाणे बसवले होते.

नाक्यावरचा दिवा लागल्यावर पाड्यातल्या एका आजीने मला वाटेत गाठले.

"गुरुजी, मत कुणाला कळत नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो, आजी."

"मग त्यांना कसं कळलं?"

उत्तर मला ठाऊक होते. पण ते दिले असते, तर पुढच्या खेपेस बटण दाबताना तिला दिवाच दिसला असता. न देऊनही तोच दिसणार, हे तिच्या डोळ्यांत मी वाचले आणि मान खाली घातली.

वसुबारसेला पाड्यावर वाघबारस असते. त्या संध्याकाळी मुलांनी वाटेवर पणत्या लावल्या. वाऱ्याने त्या विझत होत्या, मुले पुन्हा लावत होती.

परवा आम्ही नवा अर्ज केला. मुलांनी वाट पावलांनी मोजली, तिन्हीसांजेला किती जण त्या वाटेने परततात ते मोजले, जवळचा दिवा किती दूर तेही मोजले. मॅट्रिक झालेल्या मास्तराला एवढे गणित येते: गरज मोजता येत असताना मते मोजू नयेत. अर्जाच्या शेवटी एक ओळ घातली आहे. दिवा आम्हाला नाकारलात, तर तो कुणाला आणि कोणत्या कारणाने दिलात, ते लेखी कळवावे.

उत्तर अजून यायचे आहे. वाचकहो, हा अंक हाती पडेल तेव्हा घोडबंदर रस्त्याला कुणाकडे फराळाला गेलात, तर गच्चीवरून डोंगराकडे एकदा पाहा. पणत्या दिसल्या, तर उत्तर आलेले नाही असे समजा.