चिखलातले निकेल

पिट्सबर्गला येऊन पोलादाचा कारखाना न पाहणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहण्यासारखे, असे माझा भाचा म्हणतो. तो धातुशास्त्रातला, त्याला दुसरे दैवत ठाऊक नाही. २००३ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. एका सकाळी त्याने मोटार वायव्येकडे वळवली आणि म्हणाला, "मामा, आज तुम्हांला पोलादाचा उकिरडा दाखवतो!"

गावाचे नाव एलवूड सिटी. नावात सिटी, पण पसारा आपल्या एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढा. जवळून कॉनोकनेसिंग नावाची नदी वाहते. तिचे नाव घेता घेता पूलच ओलांडून होतो. इथला इनमेट्को हा कारखाना इन्को या निकेलच्या कॅनेडियन कंपनीने १९७८ साली काढला. मी गेलो तेव्हा तो तिच्याच मालकीचा होता.

वाचक भगिनींनो, आपले स्टीलचे ताट जन्मतः चकाकत नाही. तापवून लाटलेल्या पत्र्यावर काळा पापुद्रा धरतो. तो काढायला पत्रा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवतात. आम्ल पापुद्र्याबरोबर थोडे लोखंड, क्रोमियम आणि निकेलही खाते. पुढे दमलेल्या आम्लात चुना घालतात. तळाशी बसतो तो गाळ. भट्टीच्या धुरातून पकडलेली धूळ निराळीच. ताटावरचा '१८/८' म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. त्यातलाच अंश या घाणीत असतो. क्रोमियमचे एक रूप तर पाण्यात विरघळणारे आणि विषारी.

आपली बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे देते, तसाच इथला व्यवहार. पोलादवाल्यांचा गाळ आणि धूळ येते. त्यांत कोळशाची पूड मिसळून कलत्या, फिरत्या परातीत गोळ्या वळतात. मला संक्रांतीचा हलवा आठवला. मग भट्टी. हिची कड्यासारखी गोल जमीनच फिरते! बाराशे अंशांच्या वरच्या आचेत एक फेरा होईतो कोळसा लोखंडाचा आणि निकेलचा प्राणवायू काढून घेतो. क्रोमियम हट्टी, ते विजेच्या भट्टीत गेल्यावरच वळणावर येते. जस्त, शिसे, कॅडमियम वाफ होऊन निसटू पाहतात. त्यांना पाण्याच्या फवाऱ्यात अडवतात. उरलेली मळी खडी म्हणून बांधकामाला जाते.

"हे सगळे पुण्य म्हणून करतात?" मी विचारले.

"छे हो मामा! १९७६ साली कचऱ्याचा कायदा झाला. पुढे ही धूळ घातक ठरली; पुरायची म्हटले तरी खर्च. शिवाय निकेल महाग."

"आणि आपल्याकडे?"

तो जरा थांबला. "चुनाच फार असला तर गाळात धातू थोडा, त्यात फ्लोरिनचा उपद्रव. अशी भट्टी एकट्यादुकट्याला परवडत नाही. पुष्कळांचा गाळ एकत्र यायला हवा."

आपल्याकडे पत्रे आम्लात धुणारे बहुतेक लहान कारखानदार. दिल्लीच्या वझीरपुरात, जोधपुरात त्यांच्या रांगा आहेत. गाळ एका ठिकाणी आणण्यापेक्षा नाल्याची वाट जवळची! जोधपूरच्या जोजरी नदीत कापडाच्या आणि स्टीलच्या कारखान्यांचे सांडपाणी इतके साचले की २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. तिच्या काठच्या शेतकऱ्याने आमच्या चकचकीत ताटांची किंमत का द्यावी, हे मला कोणी समजावून सांगेल काय?

अंगणात धातूचे ओबडधोबड ठोकळे रचले होते. त्यांना 'पिग' म्हणतात, म्हणजे चक्क डुक्कर! एक उचलायला मला दोन्ही हात लागले. रंग काळपट, चकाकीचा मागमूस नाही. शेजारी मालमोटार भरत होती.

"कुठे निघाली ही?"

"जिथून गाळ आला तिथेच," भाचा म्हणाला.